नारळाखालचा कोल्हा

राग आला की दीप्ती खरातचे आधी कान तापायचे. मग मान, मग गाल, आणि तिथून जे काय असेल ते जिभेवर यायचं. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. कान लाल दिसले की तिचे पप्पा सरळ चपला घालून खाली फिरायला जायचे. पण त्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर तिचे कान तव्यासारखे तापले, तेव्हा समोर घरचं कोणी नव्हतं. समोर होते चंद्रप्रकाश सामंत, आणि त्यांना दुसऱ्याच्या कानांकडे बघायची सवय नव्हती.

सामंतकाका म्हणजे हॅम रेडिओ क्लबचे अध्यक्ष. हॅम रेडिओ हा हौशी लोकांचा वायरलेस. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं, आणि मग आपल्या सेटवरून जगाशी बोलायचं. हवेत नाव सांगायचं नसतं, आपल्याला मिळालेली कॉल साइन सांगायची. दीप्तीची कॉल साइन झुलूवर, म्हणजे झेड या अक्षरावर संपायची आणि ती तो झुलू असा काही उच्चारायची की पलीकडच्याला वाटावं, ही बया हातात भाला घेऊनच बसली आहे. दहावीतली मुलगी, पण क्लबच्या बॅचमध्ये परीक्षेत पहिली. मॉर्स, अँटेना, फोनेटिक अक्षरं, सगळं अनुपमाताईंनी शनिवारच्या वर्गात शिकवलेलं. पहिल्या महिन्यात सेटचं बोलायचं बटण दाबलं की हिची दातखीळ बसायची. आता बटण सोड म्हणून सांगावं लागायचं.

त्या रविवारी क्लबची मॉक ड्रिल होती. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर दरड कोसळली, मोबाइल बंद पडले, आता वरच्या माणसांना खाली कसं आणायचं, याची रंगीत तालीम. टेकडीवर ठिकठिकाणी सेट घेतलेले हॅम उभे राहणार. वस्तीतल्या बाया-माणसं बोचकी घेऊन दरडग्रस्त होणार. आणि खाली शाळेच्या मैदानात टेबलाशी बसणार नेट कंट्रोल. हा नेट कंट्रोल म्हणजे ड्रिलचा जीव. तो सांगेल त्यानेच बोलायचं, तो सांगेल तेव्हाच. वर कोण अडकलं, कोणाला कुठे हलवायचं, सगळं त्याच्या तोंडून जाणार.

हे काम दीप्तीला मिळालेलं होतं. काकांनी महिन्यापूर्वी सगळ्यांसमोर तसं जाहीर केलं होतं. महिनाभर ती मोरीचं दार लावून आत सराव करत होती, आणि आई बाहेरून विचारायची की दरड कोसळून झाली असेल तर मला कपडे भिजवू देशील का. टेकडीवर राहणारी तिची शकुआत्या तर खास दरडग्रस्त व्हायला कामावर सुट्टी टाकून बसली होती. भाचीचा आवाज वायरलेसवर येणार म्हणून तिने शेजारणींनाही तयार केलं होतं.

आणि आता काका तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते की बाळा, कंट्रोलवर प्रीतम बसेल. प्रीतम म्हणजे त्यांचा पुतण्या, कॉलेजात शिकणारा. वाईट नव्हता बिचारा, पण बटण दाबलं की आधी तीनदा खाकरायचा. काकांचं म्हणणं, पाहुणे मोठे आहेत, तुझी दहावी आहे, उगाच डोक्याला ताण कशाला. तू स्टॉलवर उभी राहा, पाहुण्यांना गुलाब दे, आपली उपकरणं दाखव.

दीप्ती काय बोलली? काही नाही. जिच्या जिभेला हाड नाही म्हणून ख्याती, ती गप्प राहिली. बरं काका, म्हणाली आणि स्टॉलवर जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा राग कानांवरच अडला आणि तिथेच शिजत बसला.

स्टॉलवर तिनेच बनवलेली अँटेना मांडलेली होती. पप्पांच्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे कापून, नळाच्या प्लास्टिक पाइपवर आडवे बसवून केलेली. दिसायला माशाच्या काट्यासारखी, पण अशा अँटेनाने लपवलेला सेट हुडकून काढता येतो. हॅम लोकांचा हा खेळच असतो. कुठेतरी एक बोलता सेट लपवायचा, त्याला म्हणायचं कोल्हा, आणि बाकीच्यांनी सिग्नलचा माग काढत तो पकडायचा. दीप्तीने मुलुंडच्या शिबिरात दोनदा कोल्हा पकडला होता. आज तिची अँटेना गुलाबांच्या परडीशेजारी शोभेला ठेवली होती, तिच्यासारखीच.

ड्रिलचा नियम म्हणून काकांनी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करून घेतले. आपला मोबाइल त्यांनी सर्वांत आधी टाकला, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढून पुन्हा टाकला. अनुपमाताईंनी तेवढ्यात परत विषय काढला, की मुख्य चॅनल अडला तर असावा म्हणून एक दुसरा चॅनल ठरवून ठेवू. काका म्हणाले, लोकांचा गोंधळ होतो, एकच बरा. ताईंनी ओठ आवळले आणि सेट घेऊन त्या टेकडीच्या माथ्यावरच्या त्यांच्या जागेकडे चालू लागल्या. जाताना स्टॉलवरच्या दीप्तीकडे आणि टेबलावरच्या प्रीतमकडे त्यांनी एकेकदा बघितलं. सगळं समजल्यासारखी मान हलवून गेल्या.

मग सत्कार. पाहुण्यांना शाल-नारळ, आणि पाहुण्यांच्या हस्ते काकांनाही शाल-नारळ. काकांनी आपला सेट एका कापडी पिशवीत ठेवला, वर शाल कोंबली, त्यावर नारळ बसवला, आणि पाहुण्यांना घेऊन नाश्त्याला निघून गेले. नाश्ता खरं तर शाळेतच ठरला होता, पण क्लबच्या कोणा सभासदाने ऐनवेळी आपल्या सोसायटीत केला होता. कुठली सोसायटी, ते प्रीतमलाही सांगितलेलं नव्हतं.

प्रीतमने खाकरून ड्रिल सुरू केली. टेबलावर त्याच्या सेटला मोठा स्पीकर जोडलेला होता, मैदानातल्या लोकांना ऐकू जावं म्हणून. पहिल्या दोन जागांचे निरोप आले. तिसऱ्या जागेवर सम्यक होता, दीप्तीच्या बॅचचा. त्याने सांगितलं की माणसं बोचक्यांसह पायऱ्यांवर जमली आहेत, कुठे हलवू ते सांगा. प्रीतमने बटण दाबायला बोट उचललं, आणि स्पीकरमधून भसकन आवाज आला:

"अहो घ्या ना, काजू मुद्दाम टाकायला सांगितलेत."

मैदानातली माणसं चमकून बघायला लागली. पुन्हा आवाज. चमच्यांची किणकिण, खुर्ची सरकल्याची करकर, आणि काका चटणी मागतायत. प्रीतमने बटण दाबून चॅनल मोकळा करा म्हणून सांगितलं. काही उपयोग नाही. बटण दाबलेला सेट दुसऱ्याचं ऐकत नसतो. तो फक्त बोलत राहतो, आणि जवळचा असेल तर बाकी सगळ्यांना झाकून टाकतो.

दीप्तीच्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. नारळ. पिशवीतल्या सेटच्या बटणावर नारळ बसला होता.

खरं तर अशा वेळी सेट आपणहून गप्प होतो. बटण जास्त वेळ दाबलेलं राहिलं की आतला टायमर आवाज तोडतो, ती सोयच असते. पण या टायमरने काकांचं सव्वीस जानेवारीचं सेटवरचं भाषण मध्येच तोडलं होतं, आणि तेव्हापासून काकांच्या सेटचा टायमर बंद करून ठेवलेला होता. आता त्यांना तोडणारं या जगात कोणी नव्हतं.

आजूबाजूला लोक हसत होते. दीप्तीलाही हसू आलं, का नाही येणार? मग पाहुण्यांचा आवाज आला. ती स्टॉलवरची चुणचुणीत मुलगी कोण, असं ते विचारत होते.

"ती होय, दीप्ती. हुशार आहे हो, परीक्षेत पहिली आली. कंट्रोलवर तिलाच बसवणार होतो." मग काका उपमा गिळायला थांबले. "पण कसं आहे साहेब, आवाज हा संस्थेचा चेहरा असतो. ती पडली टेकडीकडची. कितीही शिकवा, बोलण्यात तो वस्तीचा वास येतोच. आपल्यातला आवाज वेगळा कळतो. अशा मुलींना पुढे स्टॉलवर ठेवायचं. फोटो बरा येतो, आणि आपण सगळ्यांना सामावून घेतो हेही दिसतं."

पाहुणे काहीतरी पुटपुटले. काकांनी त्यांना शिरा घ्यायला सांगितलं.

मैदानातलं हसू जागच्या जागी गोठलं. कोणी चपलेकडे बघायला लागलं, कोणी मांडवाच्या कापडाकडे. दीप्तीकडे मात्र कोणी बघेना. प्रीतमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने घाईघाईने स्पीकरच्या वायरीला हात घातला.

"राहू दे चालू," दीप्ती म्हणाली. "ऐकू देत सगळ्यांना."

दहावी. ताण. बाळा. तिच्या डोक्यात सकाळचा एकेक शब्द परत आला आणि या वेळी प्रत्येकाला वास येत होता. तो खांद्यावरचा हात तर अजून तिथेच चिकटून असल्यासारखा वाटला, तिने खांदा झटकला. महिनाभर मोरीत उभं राहून तिने जो आवाज घोटला, त्याला वास येतो म्हणे. हवेत अल्फा, ब्राव्हो, चार्ली असतं. तिथे कोणाची वस्ती विचारायची सोय नसते, आणि म्हणून तर तिला तिथे पहिल्यांदा मोकळं वाटलं होतं. हा माणूस तिथेही दारावर नाक घेऊन उभा होता.

बोलू दे, तिने ठरवलं. अजून बोल. सगळ्या टेकडीला ऐकू जाऊ दे, दुपारपर्यंत बोल, तुझ्याच तोंडाने तुझी वाट लाव. तिने काहीही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं, आणि उभं राहायचं काम तर त्यांनीच दिलं होतं.

मग तिची नजर टेकडीकडे गेली. मैदानातून तिसऱ्या जागेच्या पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या. नारिंगी जाकिटातला सम्यक, आणि त्याच्या खाली पायरी-पायरीवर बसलेल्या बाया, डोक्यावर पदर ओढून, मांडीवर बोचकी घेऊन. कंट्रोल सांगेपर्यंत हलायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. त्यांच्यावर उन्हाची एक तिरीप नव्हती, सगळं ऊनच होतं. त्यात शकुआत्या होती, आणि कोणाच्या तरी कडेवर तान्हं पोर. वर सगळं ऐकू जात असणारच. उपमा, काजू आणि वास.

दीप्तीने स्टॉलवरची अँटेना उचलली. परडी कलंडली, गुलाब खाली पडले, ते तिने उचलले नाहीत. आपला सेट अँटेनाला जोडला. प्रीतमला म्हणाली, कोल्हा आणायला चालले, तू चॅनल ऐकत राहा.

फाटकाबाहेर पडल्यावर तिने अँटेना गोल फिरवली. मेट्रोच्या पुलाकडे तोंड करताच सेटच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा भरल्या. पळत निघाली. पुलाच्या खांबांशी गेली तर सिग्नल चहूकडून यायला लागला, एकदा डावीकडून, एकदा समोरच्या काचेच्या दुकानातून. इथे नवखा माणूस फसतो. अनुपमाताई सांगायच्या की जिथे आवाज मोठा येतो त्यावर लगेच भुलू नकोस, तो आपटून आलेला असू शकतो. जिथे आवाज मरतो ती दिशा शोध, कोल्हा बरोबर तिच्या उलट असतो. दीप्ती खांब सोडून मोकळ्या कोपऱ्यावर आली. अँटेना काढून तिने सेट छातीशी घट्ट धरला आणि स्वतःच हळूहळू फिरली. रिक्षावाले बघत होते. ऊसवाल्याने चरक थांबवला. एका जागी काकांचा आवाज तिच्या अंगाआड दबून अगदी बारीक झाला. म्हणजे ते बरोबर पाठीमागे. ती वळली आणि त्या गल्लीत शिरली.

सेटमधून काका आता क्लबच्या भावी योजना सांगत होते. त्यांचा आवाज हाताशी धरून त्यांच्याकडेच धावणं, याने तिचा राग पावलागणिक वाढत होता. बरंच होतं, धाप लागत नव्हती.

गल्लीच्या टोकाला गुलमोहर असलेली सोसायटी. वॉचमनने आडवा हात केला आणि कोणाकडे जायचंय ते विचारलं. दीप्तीच्या तोंडून निघून गेलं की कोल्हा शोधतेय. त्याने तिच्या हातातल्या काट्याकडे बघितलं, विचार केला, आणि म्हणाला की कोल्हा नाही मॅडम, मागे मांजरी आहेत. तोवर ती आत पोचली होती.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते. काका पाहुण्यांशेजारी बसले होते, एका हातात बशी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीच्या तोंडाशी नारळाची शेंडी. दीप्ती दारात आली तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय गं, इथे काय काम? स्टॉलवर कोण आहे?"

आणि तेच शब्द दीप्तीच्या हातातल्या सेटमधून बाहेर पडले. काय गं, इथे काय काम. मग तो आवाज पुन्हा पिशवीत शिरला, पुन्हा सेटमधून आला, आणि दोघांच्या मधे अशी काही किंकाळी सुरू झाली की पाहुण्यांनी बशी खाली ठेवून कान झाकले. काका उठायला गेले, पण पिशवी मांडीवर, बशी हातात. ते दीप्तीच्या सेटकडे बघत राहिले, मग पिशवीकडे. त्यांचा चेहरा खालपासून वर बदलत गेला. कुठपर्यंत ऐकू गेलं असेल, याचा ते मनात हिशेब करत होते.

दीप्ती पुढे गेली आणि तिने पिशवीतून नारळ उचलला. किंकाळी थांबली.

तिथे बोलण्यासारखं तिच्याकडे खूप होतं. सगळं जिभेच्या टोकावर जमलेलं होतं. पण पायऱ्यांवर ऊन होतं. तिने आपल्या सेटला अँटेना पुन्हा जोडली आणि तो तोंडाशी नेला. नियम असा, की कंट्रोलचा आवाज बंद पडला तर ज्याला सगळे ऐकू येतात त्याने नेट हातात घ्यायचा. तिने थोडं ऐकलं. प्रीतम काही बोलला नाही. खाकरलाही नाही. ती जागा त्याने तिच्यासाठी मोकळी सोडली, की त्याला काही सुचलंच नाही, ते त्याचं त्याला माहीत.

दीप्तीने कॉल साइन दिली. झुलूवर असा जोर दिला की पाहुण्यांच्या बशीतला चमचा हलला.

"ऑल स्टेशन्स, चॅनल मोकळा झालाय. नेट कंट्रोल माझ्याकडे आहे. जागा नंबर तीन, सम्यक, माणसांना आत्ताच्या आत्ता बुद्धविहाराच्या सावलीत हलव. आधी पाणी दे, मग मोजणी."

"तीन नंबर, समजलं," सम्यक म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागे बायांचा गलका ऐकू आला. मग टेकडीच्या माथ्यावरून अनुपमाताईंचा आवाज आला. एवढंच म्हणाल्या, की नेट कंट्रोल, तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय.

पुढची ड्रिल दीप्तीने त्या हॉलच्या दारात उभं राहून चालवली. काका मध्ये दोनदा काही सांगायला आले. तिने हाताने थांबा म्हटलं. ते थांबले. नेटवर कंट्रोल सांगेल तेव्हाच बोलायचं असतं.

ड्रिल संपल्यावर मैदानात गोल बसायचं, आधी प्रत्येकाने आपली चूक सांगायची आणि मग दुसऱ्याची, ही क्लबची रीत. वस्तीतल्या बायाही खाली उतरून गोलाच्या कडेला बसल्या. काकांनी सुरुवात केली. नारळामुळे एक तांत्रिक बिघाड झाला, म्हणाले, आणि खाजगी गप्पांतलं अर्धंमुर्धं वाक्य कोणी मनावर घेऊ नये. प्रीतमने मान खाली घालून सांगितलं की टायमर मीच बंद करून दिला होता, काकांनी सांगितलं म्हणून. एवढं बोलायला त्याला खाकरावं लागलं नाही.

मग दीप्ती उठली. एका हातात अजून तो नारळ होता. कुठे ठेवायचा ते तिला सुचलं नव्हतं.

"सकाळी मला कंट्रोलवरून काढलं, तेव्हा मी बरं काका म्हणाले. ही माझी चूक. परत नाही होणार." तिने काकांकडे बघितलं. "नारळाची काही चूक नाही. त्याने फक्त बटण दाबलं. बोललात तुम्ही."

काका हसायचा प्रयत्न करत म्हणाले की अगं बाळा, तुझा गैरसमज होतोय, पुढच्या ड्रिलला कंट्रोल तुझाच.

"बाळा नाही. कॉल साइन आहे मला. आणि कंट्रोल तुमच्याकडून नको, परीक्षेतल्या नंबराने जो येईल त्याचा. मग तो मी असेन नाहीतर कोणीही."

अनुपमाताईंनी लगेच हात वर केला आणि हे आजच ठरवून टाकू म्हणाल्या. सम्यकचा हात वर गेला. मग एकेक करत बरेच गेले. प्रीतमचा सगळ्यांत शेवटी, अर्धाच, पण गेला. काकांनी शाल घडी करायला घेतली. ती घडी काही केल्या नीट बसेना.

संध्याकाळी दीप्ती टेकडी चढून आत्याकडे गेली. शकुआत्या उंबऱ्यात पाय पसरून बसली होती, उन्हाने चेहरा रापलेला.

"कोनाचा गं हा नारळ?"

"सत्काराचा."

"आनि तुझ्याकडं कसा?"

"शोधला ना मी त्याला."

आत्याने नारळ कानाशी हलवून बघितला. मग उंबऱ्याच्या दगडावर एकाच दणक्यात फोडला, पाणी पेल्यात धरलं, आणि खोबऱ्याचे तुकडे शेजारणींना वाटायला दीप्तीच्याच हातात दिले. सकाळी पायरीवर बसलेल्या त्याच सगळ्या. एकीने तुकडा नाकाशी नेऊन हुंगला आणि म्हणाली, वास तर काही येत न्हाई गं. गल्लीभर हसू फुटलं. दीप्ती हसली नाही. अजून नाही.

आत्याने ओला हात तिच्या कानाला लावून बघितला. कान अजून कढत होता.

"राहू दे," आत्या म्हणाली. "लगेच निवू नको."